बांगड्याचं पाणी आणि लेट्यूस

आई,

मी गॅलरीत लेट्यूस लावलंय. तुला आठवत असेल, नोकरीला लागल्यावर मी एकदा दादरच्या बाजारातून त्याचा गड्डा आणला होता आणि तू त्याला सरळ लसणीची फोडणी दिली होतीस. कढईत पाणीच पाणी झालं. हे कच्चंच खायचं असतं म्हटल्यावर, भाजीवाल्यानं फसवलेल्या माणसाकडे पाहावं तसं तू माझ्याकडे पाहिलंस. "कच्चो पालो शेळ्यांक घालतत गो, माणसांक नाय," म्हणालीस आणि तीच भाजी पानात वाढलीस.

तू गेल्यावर लालबागची आपली चाळ पाडून तिथेच टॉवर झालाय. वरच्या मजल्यावर मी एकटी असते. हे गेल्यापासून दार वाजवते ती कचरेवाली, नाहीतर कुरियरवाला. माझी मुलगी, तुझी नात, बंगलोरला नोकरी करते आणि रोज डबाभर सॅलड खाते. डिसेंबरात येते म्हणाली, म्हणून मी कामाला लागले. बी जिऱ्याहून बारीक, वर जेमतेम माती भुरभुरवायची. रोपं छान तरारली आणि मी शहाणीनं सवयीप्रमाणे त्यांना बांगडे धुतलेलं पाणी घातलं. तुझा कढीपत्ता त्याच पाण्यावर माजायचा, पण तो फोडणीत जातो. या पानांचा वास कितीही धुतलं तरी जाईना. सगळं उपटलं, माती बदलली, पुन्हा पेरलं. दुपारच्या उन्हाला आडोसा म्हणून तुझी हिंदमाताच्या बाजारातली जुनी सुती साडी बांधली. या खेपेला मात्र साधलं. सकाळच्या गारव्यात पान खुडून बर्फाच्या पाण्यात बुडवलं की असं कुरकुरीत होतं, की मोडताना आवाज येतो. तो आवाज ऐकला की मला एकटीलाच हसू येतं.

रविवारी तिचा फोन आला. सुट्टी मिळत नाही, होळीला बघते म्हणाली. होळीपर्यंत ऊन तापतं, लेट्यूस फुलांचा दांडा काढतं आणि पानं कडू होतात. त्यातलं मी तिला काहीच सांगितलं नाही. "सावकाश ये गं, माझं काही अडत नाही," म्हटलं. "बरं झालं आई, मला टेन्शनच आलं होतं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग मी तयार झालेली सगळी पानं खुडली आणि मीठ-लिंबू लावून ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. चव चांगली होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच लिहिते, आई. माझं अडतं. फार अडतं.