खोक्यामागची ओळ

१२ जानेवारी, संध्याकाळ

अमेरिकेहून येणाऱ्याला फोन आणायला सांगायचा, ही आमच्या घरची रीतच. धाकट्या भावाने, सुहासने, आणलाही. इथल्यापेक्षा बराच स्वस्त.

आज स्क्रीनगार्ड लावायला दांडिया बाजारात हसमुखभाईंकडे गेले. आमचा पहिला टीव्ही त्यांच्याच दुकानातला. त्यांनी खोकं उलटं करून एक ओळ दाखवली. भारतात बनलेला! मग तिथे स्वस्त कसा?

"बेन, बाहेर पाठवला की इथला कर माफ. इथे विकला की कर बसतो."

आणि मी ती ओळ वाचलीसुद्धा नव्हती.

"वॉरंटी तिथलीच हं. बिघडला तर संकोच नको, माझ्याकडे या."

त्यांच्यामागे काचेच्या कपाटात तोच फोन होता. खोक्यावर तीच ओळ.