टाचेची मेंदी

१२ नोव्हेंबर

सकाळचं पहिलं पाऊल टाकवत नाही. उभी राहिले की डाव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ! भिंत धरधरून संडासापर्यंत गेले. दहा पावलं झाली की जरा कमी होते, बसून उठलं की पुन्हा तीच. माझा नवरा अल्लाल जाऊन आज चाळीस दिवस झाले. लोकांना वाटतं मी दुःखाने वाकलेय. दुःख आहेच, पण वाकलेय ती टाचेने.

१४ नोव्हेंबर

गावच्या न्हाणीघरात, हमाममध्ये, एकवीस वर्षं अनवाणी काढली. ओल्या गरम दगडावर दिवसभर, बायकांची अंगं घासायची, बादल्या वाहायच्या. आरोग्य केंद्रातल्या नर्सने अल्लाल होता तेव्हाच सांगितलं होतं — टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक पट्टा असतो, तो ताणून ताणून दुखावलाय. उपाय घरातलेच. उठण्याआधी अंथरुणातच टॉवेलने बोटं आपल्याकडे ओढायची. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. आणि अनवाणी एक पाऊल नाही! महिने लागतील म्हणाली. मी हसले होते. हमामवालीला महिने कोण देतं?

आता मिळालेत. विधवेची इद्दत, चार महिने दहा दिवस, संपेपर्यंत पांढरे कपडे घालून घरात बसायचंय. हमामच्या मालकीणबाईंचा, लल्ला झुहूरचा, निरोप आलाय — गरम हौदाजवळची तुझी जागा इद्दत संपेपर्यंत राखते, पुढे एक दिवस नाही. म्हणजे आठ फेब्रुवारी. त्या दिवशी मला धड उभं राहता आलं पाहिजे. नाहीतर मी आणि सासूबाई खाणार काय?

१९ नोव्हेंबर

टॉवेल दोनदा, पोटऱ्या तीनदा. अल्लालच्या खोक्यात जाड लोकरी नमद्याचे तुकडे होते, चपला शिवायला आणलेले. कापून टाचेखाली घातले. बाटली खालच्या मजल्यावरच्या यामनाच्या फ्रीजरमध्ये ठेवते. सासूबाई बघतात, बोलत नाहीत. मुलगा गेल्यापासून त्या माणसांपेक्षा भिंतीशीच जास्त बोलतात.

२५ नोव्हेंबर

तीच कळ.

३ डिसेंबर

यामना बाटली घेऊन वर आली नि मलाच रागावली. म्हणे बर्फाने थंडी हाडात शिरते, आणि थंडीनेच तर दुखतंय! व्हिनेगरमध्ये मेंदी कालवून टाचेला बांध म्हणाली, तिच्या आईची टाच तशीच बरी झाली होती. मी इद्दतमध्ये आहे म्हटलं. "हाताला कुठे लावतेस? औषध आहे ते. मोज्यात कोण डोकावतंय?"

मेंदी, सुरमा, अत्तर — विधवेला चार महिने दहा दिवस काही नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण कळ सोसवेना. लावली.

४ डिसेंबर

दुखणं जिथल्या तिथे. टाच मात्र लालभडक, नवरीची! साबण, लिंबू, राख — सगळं करून पाहिलं. एकवीस वर्षं गावाचा मळ काढला, स्वतःच्या टाचेचा रंग निघेना.

५ डिसेंबर, शुक्रवार

शुक्रवारच्या कुसकुसच्या जेवणाला अल्लालच्या मावश्या आल्या होत्या. मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला, घरच्या चौकात बसले आणि सवयीने मोजे काढले. विसरलेच! थोरल्या मावशीने पाहिलं. "नवरा जाऊन दोन महिने, आणि ही मेंदी लावून बसलीय. कोण ठरलाय गं?"

टाचेसाठी लावली, यामनाने सांगितलं म्हणून, असं मी सांगितलं. यामनाला बोलावलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी फक्त बर्फ देते. मेंदीचं मला काय माहीत?"

सासूबाई उठल्या. "माझ्या मुलाची माती अजून ओली आहे," एवढंच म्हणाल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

६ डिसेंबर

यामनाने बाटली परत पाठवली. रिकामी.

१५ डिसेंबर

गल्लीत बोभाटा झाला, आता हमाममध्येही झाला. बायका म्हणतात, तिचा हात आमच्या अंगाला नको. लल्ला झुहूरने माझी जागा दुसरीला दिली. इद्दत संपायची वाटही पाहिली नाही.

अल्लाल, तुझाच राग येतोय. रोज रात्री माझी टाच दाबून द्यायचास. गेलास ते गेलास, निदान आईला एकदा सांगून जायचंस की हिची टाच दुखते म्हणून!

१८ डिसेंबर

ताणणं सोडलं. कशासाठी ताणू?

२२ डिसेंबर

चार दिवस सोडलं तर कळ दुप्पट. सकाळी गुडघ्यांवर रांगत संडासला निघाले. मान वर केली तर सासूबाई समोर उभ्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"खरंच दुखतं?" सतरा दिवसांतले पहिले शब्द. हो म्हटलं. त्या आत निघून गेल्या. मला भयंकर लाज वाटली.

२३ डिसेंबर

उशाशी टॉवेल घडी करून ठेवलेला. मी ठेवला नव्हता. ताणलं.

१८ जानेवारी

कळ निम्म्यावर आली. रंगही उतरला. बैल गेला आणि झोपा केला. सासूबाई अजून गप्पच. घरातलं पीठ संपत आलंय.

७ फेब्रुवारी

उद्या इद्दत संपते. पांढरं उतरवायला चार बायकांनी विधवेला हमामला न्यायचं असतं. मला कोण नेणार? घरीच पाणी तापवीन.

८ फेब्रुवारी

सासूबाईंनीच बादली उचलली. "चल." हमाममध्ये त्यांनी मला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. मग गरम हौदाजवळ गेल्या, माझ्या जागी आलेल्या बाईला बाजूला सारलं आणि अंग घासून घ्यायला दगडावर पालथ्या पडल्या. लल्ला झुहूर धावत आली. सासूबाईंनी मानसुद्धा उचलली नाही.

"मुलगा माझा गेलाय. मला हिचा हात चालतो. तुमच्यापैकी कुणाचं कोण गेलंय, ते सांगा."

लल्ला झुहूरने घासायचा हातमोजा आणून माझ्या हातात दिला.