'अफलातून'ला मारलेली काट

लातूर, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. भूकंपात गावची शाळा पडली म्हणून सुनंदा मी शिकवते त्या क्लासला आली. चाचणीत 'अफलातून'चा अर्थ तिनं आजोबांनी सांगितलेला लिहिला, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. क्लास चालवणाऱ्या सरांनी काट मारली. मी घरून वडिलांचा फारसी कोश नेऊन दाखवला. अफलातून म्हणजे प्लेटोच की!

सर म्हणाले, "मॅडम, नमुना उत्तरात 'उत्कृष्ट' हाय. कोश बोर्डाला चालत न्हाई."

अरे, पण खरं काय? त्या एका मार्कापायी पोरीची वरची बॅच हुकली!

सुनंदाच मला समजवायला लागली, "राहू द्या मॅडम. पुढच्या वेळी 'उत्कृष्ट' लिहीन."

"खबरदार लिहिलंस तर!" मी तिच्यावरच ओरडले. रडवलं बिचारीला. सरांपुढे का नाही चढला हा आवाज?