लिंबाखालची हरळी

श्रावण शुद्ध षष्ठी, शुक्रवार. पाथरी. कचेरीला सुट्टी. सकाळी पाऊस भुरभुरून गेला. दुपारी काका सुताराला घेऊन आले, संध्याकाळी दोघं परत गेले. कडुलिंब उभा आहे.

आई, हे तुला सांगायला हवं, कारण झाड तू लावलेलं आणि खालची हरळीही तुझीच. शेताच्या बांधावरून मुळं आणून तू घरापुढच्या अंगणात टोचली होतीस. गणपतीच्या दूर्वा तिथूनच निघायच्या आणि उन्हाळ्यात तुझी बाज तिथेच पडायची. एकदा मी शाळेतून आलो आणि पायतणासकट त्या गवतावरून चालत गेलो. तू चुलीपुढून उठलीस, पिठाच्या हाताने माझा कान धरलास. "तुझ्या मास्तरांच्या सतरंजीवर चालशील का असा?" एवढंच म्हणालीस. कानाला लागलेलं पीठ मी जेवण होईपर्यंत पुसलं नाही.

तू गेल्यावर हरळी हळूहळू गेली. आधी मधोमध पिवळी पडली, मग नुसती माती, तिच्यावर शेवाळ आणि लिंबाचा पाला. मी दोन पावसाळे नवी मुळं लावली, शेणखत घातलं. रुजायची आणि महिन्याभरात विरळ होऊन जायची. अंगण सामाईक. काकांचं म्हणणं, झाड पाडून तिथे गोठा घालावा. गेल्या दिवाळीला त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या श्रावणापर्यंत गवत आलं तर तुझं, न्हाई तर सुतार घेऊनच येतो. अंधार करून ठेवलाय नुसता." 

यंदाच्या गुढीपाडव्याला पहाटे फाटकाशी शेजारच्या काकू उभ्या. पूर्वी पाडव्याला सगळी गल्ली आपल्याच लिंबाचा पाला न्यायची. तू गेल्यावर मी ते बंद केलं. तुझ्या झाडाला कोणी हात लावलेला मला चालत नव्हता. पाडव्याला फाटकाची कडी लावून घ्यायचो. काकू म्हणाल्या, "काय रे बाबा, लिंबाला बी कचेरीची मोहर लावली का? तुझी माय असती तर हाताला धरून आत नेलं असतं." मागून कोणीतरी हसलं. मी कडी काढली.

बायका आल्या, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. हाताला येईल तेवढं खालचं सगळं त्यांनी ओरबाडलं. एक वाकलेली फांदी कडाडून मोडली तेव्हा मी घरात निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत ओट्यावर येतो तर बुंध्यापासून पायरीपर्यंत उन्हाचे कवडसे. बऱ्याच वर्षांत मी तिथे ऊन पाहिलं नव्हतं. दर पाडव्याला गल्ली झाड खालून मोकळं करून जायची, त्यावर तुझी हरळी जगायची. तुला ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी आपला राखण करत बसलो होतो.

उरलेल्या लोंबत्या फांद्या मग मीच उतरवल्या. आषाढात वरची गच्च बसलेली माती खुरप्याने मोकळी केली आणि बांधावरची मुळं टोचली. पाला खराट्याने झाडला नाही, हातानेच वेचत गेलो. खराट्याबरोबर कोवळी मुळं उपटून येतात.

आज सुतार दोरी लावून बुंधा मोजायला लागला. काकांनी खाली पाहिलं, जोडा काढून बाजूला ठेवला आणि अनवाणी पुढे आले. पायाच्या अंगठ्याने नवी हरळी चाचपून पाहिली. मग सुताराला म्हणाले, "दोरी गुंडाळ." आणि मला, "वहिनीची बाज कुठाय? माळ्यावर टाकली का? आण खाली. आन् चहा टाक, ह्याची खेप फुकट गेली." बुंध्याजवळ अजून टक्कल आहे, तेही त्यांनी बोट दाखवून सांगितलं. मी म्हणालो, तिथे यायची नाही. "माझ्या डोक्यावर तरी कुठं यायलीय," म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहितो. कडी मी झाडासाठी लावत नव्हतो. पाला न्यायला आलेली प्रत्येक बाई तुझं काहीतरी बोलली असती, आणि ते मला उभं राहून ऐकवलं नसतं.

दिवस मावळायच्या आत गणपतीसाठी दूर्वा खुडल्या. मग फाटकाची कडी काढून ठेवली आणि गवतावर पडलेला पाला वेचून बुंध्याशी टाकला.