वाट सांगणाऱ्याचा मान

७ डिसेंबर, रविवार. पहाटे पाचला हुडकेश्वरहून निघालो. थंडी बरीच होती. कुहीपर्यंत सायकलने जाऊन बाराच्या आत परत यायचं होतं. बाकीचे सगळे वेळेत आले. मी पावणेतीनला आले.

बाबा, तुम्ही गेलात त्याला पंचवीसेक वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहिलं नाही, कारण मुद्दाम कळवावं असं काही घडलं नव्हतं. आज घडलं, आणि ज्यांना ते समजावून सांगावं लागणार नाही असे तुम्ही एकटेच आहात.

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी पुन्हा सायकल चालवायला लागले. आमच्या भागात सायकलवाल्यांचा एक गट आहे. सगळे माझ्यापेक्षा लहान, डोक्यावर शिरस्त्राणं, सायकलच्या दांड्यावर फोन, आणि फोनमध्ये सगळे रस्ते. आमची पुढारी एक तरुण दातांची डॉक्टर आहे. मी सलवार-कुर्त्यात सगळ्यांच्या मागे असते आणि फारसं बोलत नाही, त्यामुळे वर्षभर कुणाला माझा त्रास झाला नाही. हे लोक जानेवारीत कोकणात जाणार आहेत. किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवायची, खाडी आडवी आली की सायकलीसकट बोटीत बसायचं, पलीकडे उतरून पुढे जायचं. ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. आजची फेरी परीक्षेची होती. जो बाराच्या आत परत येईल तो कोकणात जाणार.

समुद्र तुम्हीही पाहिला नाही. ‘रिटायर झालो का सायकलीनंच जाऊ समुद्र पाहाले,’ म्हणायचात. रस्ता कसा सापडणार, असं विचारलं की म्हणायचात, ‘विचारत विचारत.’ त्यावर आई पोळी लाटता लाटता म्हणायची, ‘हे विचारत गेले तं ओरिसात पोचतीन. तिथंबी समुद्रच आहे म्हना.’

आईचं बरोबर होतं. तुम्ही वाट एकदाच आणि एकालाच विचारायचात. त्याने सांगितली की ती चुकीची आहे हे दिसत असलं तरी त्याच वाटेने जायचं. त्याच्यादेखत दुसऱ्याला विचारलं तर त्याचा अपमान, आणि त्याच्यादेखत मागे वळलं तर आणखी मोठा अपमान. ‘आपलं काम सोडून त्यानं वाट सांगतली. सांगणाऱ्याचा मान ठेवा लागते,’ हे तुमचं ठरलेलं वाक्य.

माझ्या पहिल्या मुलाखतीचा दिवस आठवतो का? कुहीच्या अलीकडच्या गावातली शाळा, कारकुनाची जागा. मी तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर, आईच्या साडीत, मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल. फाट्यावर एक म्हातारा बाजेवर बसला होता. तुम्ही विचारलंत, त्याने हात केला, आणि तो हात सरळ धानाच्या बांध्यांकडे होता. शाळेचं कौलारू छप्पर उजवीकडे मला तिथूनच दिसत होतं.

मी म्हटलं, ‘बाबा, शाळा तिकडं आहे.’

तुम्ही पॅडल मारत म्हणालात, ‘मले दिसून राहिली. पण तो आपल्याकडं पाहून राहिला ना वं. नजरेआड होऊ दे, मग वळू.’

सपाट धानाचा मुलूख. कापणी झालेली. तिथे माणूस नजरेआड कसा होणार? मी मागे वळून बघते, म्हातारा बाजेवर. थोड्या वेळाने बघते, म्हातारा बाजेवरच, आपल्याकडे तोंड करून. असं करत करत रस्त्याची पायवाट झाली आणि पायवाट एका घराच्या अंगणात संपली. तिथल्या बाईने पाणी दिलं, पुढे रस्ता नाही म्हणून सांगितलं. मी नोकरीसाठी चालले आहे हे कळल्यावर, ‘लेकीले रिकाम्या हातानं कशी जाऊ देऊ,’ असं म्हणून छपरावरचं एक मोठं कोहळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. फाईल खाली, कोहळं वर.

आपण शाळेत पोचलो तेव्हा जागा भरून झाली होती. मुख्याध्यापकांनी आधी कोहळ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. उशीर काहून झाला, असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही जे झालं ते सगळं सांगितलंत, अगदी अभिमानाने. ऐकून ते म्हणाले, ‘अहो, तो माझा काका आहे. त्याले दोन्ही डोळ्यांनं दिसत नाही.’

मला वाटलं, आता तरी तुम्ही ओशाळाल. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, ‘ऐकू तं येते ना. आमच्या सायकलची चैन वाजते.’

नोकरी गेली, कोहळं राहिलं. आईने आठवडाभर त्याची भाजी केली, गोड बोंडं तळली, आणि प्रत्येक वेळी ताट वाढताना म्हणाली, ‘घ्या, पहिला पगार.’ मी तुमच्याशी चार दिवस बोलले नाही. मी एरवीही बोलत नसे, त्यामुळे तुमच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

आता आजचं. त्याच भागात एक फाटा लागतो. तिथे आता मोठा हिरवा बोर्ड आहे, ‘कुही’, आणि सरळ बाण. बाकीचे पुढे निघून गेले होते. बोर्डाच्या खांबाला टेकून एक माणूस उन्हाला बसला होता.

‘कुठं चालल्या बाई?’

‘कुहीले.’

‘मंग इकून जा ना. सावली आहे.’

त्याने डावीकडे हात केला. त्याच्या डोक्यावर बाण सरळ होता. माझा फोनही सरळ म्हणत होता. मी त्याचे डोळे नीट पाहून घेतले, चांगले होते. त्याला हो म्हटलं आणि डावीकडे वळले. मागे पाहिलं तर तो उठून उभा राहिला होता, मी नीट जाते आहे की नाही ते बघायला. कोकण हातचं चाललं आहे हे मला कळत होतं, आणि पाय पॅडल मारत होते. सावली मात्र खरंच होती.

रस्ता कालव्याशी संपला तेव्हा डॉक्टरीणबाईचा फोन आला.

‘काकू, तुम्ही फोनमधी शेतात दिसून राहिल्या.’

‘शेतातच आहे.’

‘काहून?’

‘एकानं सांगितलं.’



कालव्याच्या कडेने कुही गाठून परत आले तेव्हा सगळे हुडकेश्वरच्या चहाच्या टपरीवर थांबले होते. डॉक्टरीणबाईने विचारलं, तिथे बोर्ड नव्हता का? होता. फोन बंद होता का? नव्हता. मग? तेव्हा मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. म्हातारा, कोहळं, चैन, सगळं. या गटात मी इतकं कधी बोलले नव्हते. गोष्ट चैनीपर्यंत आल्यावर एकाच्या नाकातून चहा बाहेर आला. हसून झाल्यावर तिने माझा फोन घेतला, मी कुठून कुठे फिरले ते पाहिलं आणि म्हणाली, ‘बापा, काकूंनी तं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चालवली. दमाचीच परीक्षा होती ना? चला तुम्ही कोकणात. पण एक अट आहे. वाटेत कोणी काही सांगतलं तं नुसती मान हलवायची अन् आमच्या मागं यायचं. कबूल?’

मी कबूल म्हटलं.

सगळ्यांच्या समोर म्हटलं आहे. पण बाबा, कोकणातही फाट्याफाट्यावर माणसं बसलेली असणार, आणि त्यांनाही दुसऱ्याची काळजी असणार. कुणी हात केला तर मी वळणार आहे. हे गटातल्यांना सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

चैनीला कालव्याचा चिखल लागला आहे. आता रॉकेल आणि चिंधी घेऊन अंगणात बसते. तेल मात्र बेतानेच घालीन, थोडी वाजू दे.