बर्डीचं कार्ड

शुक्रवार, २ मे
लेक रोड, उत्तर मिशिगन

प्रिय आर्विड,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पत्र उघडलंस, त्याबद्दल आभार. तुझा गुडघा आता कसा आहे? इथे अंगणातला बर्फ गेला, फक्त सौनाच्या न्हाणीघरामागे थोडा उरलाय. दफनभूमीतून फोन आला होता. जमीन मऊ झाली आहे. हिवाळ्यात जमीन गोठते म्हणून कोठडीत ठेवलेल्या शवपेट्या आता एकेक करून पुरतायत. तुझ्या भावाची, रेनोची पाळी शनिवारी, दहा तारखेला, सकाळी अकरा वाजता.

जानेवारीत त्याच्या अंत्यविधीला तू चर्चमध्ये आला नाहीस. त्याबद्दल बोल लावायला हे लिहीत नाही.

बर्डी बरी आहे. तू जन्मभर कुत्री पाळलीस, म्हणून तुला एक विचारते. रेनोला फिट येण्याआधी ती त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवायची. पंजा आणि फिट यांच्यात किती वेळ जातो ते मी वहीत लिहीत असे. कधी अकरा मिनिटं, कधी सात, एकदाच तीन. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली, मोजल्याशिवाय राहवत नाही. तेवढ्या वेळात तो खाली आडवा व्हायचा आणि मी टेबल सरकवायचे. तिला नेमकं काय कळायचं? वास बदलायचा का? आता ती रोज न्याहारीनंतर त्याच्या खुर्चीसमोर जाऊन बसते, पण पंजा उचलत नाही. खुर्ची रिकामी आहे हे कळतं, तर मग बसते कशाला? तुला काय वाटतं?

मागच्या मंगळवारी तिला घेऊन किराणा दुकानात गेले. सवयीने तिला मदतनीस कुत्रीचं लाल जॅकेट घातलं होतं. दाराशी नवी मुलगी होती. तिने नियमाप्रमाणे दोनच प्रश्न विचारले. ही कुत्री अपंगत्वामुळे लागते का, आणि तिला कोणतं काम शिकवलंय?

मी म्हणाले, "नाही. मला काही झालेलं नाही. ज्यांना ती लागायची ते गेले."

ती गोंधळली. हळूच म्हणाली, "आजी, नुसतं हो म्हणा ना. मला पुढे काही विचारताच येत नाही."

"माहीत आहे, बाळ. म्हणूनच नाही म्हणते."

"पण तिच्यामुळे तुम्हाला बरं वाटतं ना?"

"वाटतं. पण तेवढ्यानं कायद्याचं भागत नाही."

पाव न घेताच परत आले.

मग ग्रंथालयात बसून मदतनीस कुत्र्यांना दुकानात, खानावळीत येऊ देणारा तो कायदा पहिल्यापासून वाचला. हक्क कुत्रीचा नसतो, माणसाचा असतो. माणूस गेला की ती घरची कुत्री. तिला आम्ही शिकवलं तसं स्वतःच्या गॅरेजमध्ये शिकवलं तरी चालतं. नोंदणी लागत नाही, कार्ड लागत नाही. कार्ड मागायचं नाही आणि काम करून दाखव असंही म्हणायचं नाही.

कार्डाबद्दलच लिहायचं होतं. तीन पानं फाडून झाली.

पाच वर्षांपूर्वी, त्या उन्हाळ्यात, मला एवढंच दिसायचं की बर्डी तुझ्या खानावळीत आली की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात. "आल्या, गॅरेज कॉलेजच्या डॉक्टरीणबाई!" असं तू सगळ्यांसमोर म्हणायचास. रेनो हसायचा. मला हसू येत नसे. मी संगणकावरून बर्डी प्रमाणित असल्याचं एक कार्ड मागवलं. त्यांनी फक्त फोटो आणि नाव मागितलं. सोनेरी शिक्का, खाली नंबर. एका गुरुवारी ते तुझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "रेनोनं दिलंय."

रेनोला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. असली कार्डं वापरणाऱ्यांना तो लबाड म्हणायचा. त्यांच्यामुळे खऱ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणायचा.

आदल्याच आठवड्यात तस्सं कार्ड दाखवून एक पर्यटक तुझ्याकडे बसला होता आणि त्याच्या कुत्र्याने श्रीमती हेइकिनेनच्या ताटातली मासळी ओढून तिच्या मनगटाचा चावा घेतला होता, हे मला ठाऊक नव्हतं. तिनेच या हिवाळ्यात सांगितलं, शिक्क्यासकट. तू एवढा का भडकलास, याचा तेव्हा मला उलगडा झाला.

कार्ड दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या गर्दीत, तू आम्हाला अडवून दारात उभा राहिलास. "खोटारड्यांना इथे जागा नाही. असेल खरी तर दाखव, काय येतं तिला!" तू कार्डाबद्दल बोलत होतास. रेनोला वाटलं, आजाराबद्दल. तो म्हणाला, "माझी फिट बघायला हवी का तुला, मासळीबरोबर?" आणि मागे वळला. मी स्वेटरची बटणं लावत उभी होते.

गाडीत त्याने विचारलं, "खोटारडा कशाला म्हणाला गं तो?"

मी म्हणाले, "कुणास ठाऊक."

आर्विड, सगळ्यात वाईट ते आहे. कार्ड मूर्खपणा होता. "कुणास ठाऊक" हे मात्र मी जाणूनबुजून म्हणाले, आणि त्यानंतर पाच वर्षं गप्प राहिले. त्याने तुझ्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज भरला होता. कायदा त्याच्या बाजूने होता. पण तो त्याने चुलीत घातला. "सख्ख्या भावावर सरकार कुठे घालायचं," म्हणाला. तरीही मी गप्पच.

म्हणजे, तुझा भाऊ लबाड नव्हता. आणि तू त्याच्या आजाराला खोटं म्हणाला नव्हतास. तुम्हा दोघांपैकी एकालाच हे सांगणं आता माझ्या हातात आहे.

पेटी उचलायला सहा जण लागतात. पाच ठरलेत. सहाव्या जागेसाठी मी कुणालाच विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तू आला नाहीस तर पाच जण उचलतील. शेवटी शेवटी तो फार हलका झाला होता. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी बाजूला उभी राहीन. ती सहावी जागा त्याच्या उजव्या हाताशी आहे, तिथे तेवढा ये.

तू मानलंस तर अजूनही तुझी वहिनी,
वर्ना