मोटरीची जाड रेघ

आदरणीय सदाशिवराव भाऊसाहेब,

बाभुळगावाहून तुमच्या घरच्या जवायाचा, म्हणजे या पंजाबरावचा, पुसदले हात जोडून रामराम. तब्येत कशी? गुडघा काय म्हणते? वहिनींची शुगर? (आमच्या विमलचा, म्हणजे तुमच्या बहिणीचा, राग कसा आहे, ते शेवटी विचारतो.)

भाऊसाहेब, गावात भलतंच भारी काम झालं! माझी पुतणी समीक्षा अमरावतीले कॉलेजात शिकते. कोण कोणाले किती फोन लावते, त्याच्यावरून माणसामाणसातले संबंध ओळखाचे, असा तिचा अभ्यास. सारं गाव हौसेनं तयार झालं, मी तर सगळ्यात पहिला! तिनं आमच्या फोनची माहिती घेतली अन् समाजमंदिराच्या भिंतीवर हा मोठा नकाशा लावला. माणूस म्हणजे गोल, फोन म्हणजे रेघ. जास्त फोन, जाड रेघ. ज्यायनं माहिती दिली त्यायचं नाव गोलात, बाकीचे गोल बिननावाचे, कोणाची बदनामी नको म्हणून. (सरपंचाच्या गोलाले रेघच नाही. तो ना कोणाले लावत, ना कोणाचा उचलत, म्हणून त्याले कोणी लावतच नाही.)

माझ्या गोलातून बैलाच्या कासऱ्याएवढी जाड रेघ निघाली अन् एका बिननावाच्या गोलाले भिडली! रोजचे फोन, तेही माझ्याकडूनच. विमलकडची रेघ सुताएवढी. समीक्षा भर लोकात म्हणे, "काका, हे तुमचं सगळ्यात जवळचं माणूस." मीच बुचकळ्यात पडलो, इतकं जवळचं माणूस अन् मलेच माहीत नाही? विमलनं विचारलं, "कोण हाय ते?" म्या खरं तेच सांगितलं, "देवाशपथ, मले आठवत नाही." झालं! तिनं पिशवी भरली अन् पुसदची एसटी धरली.

मग आमचा तांड्यावरचा शेजारी फकिरा (त्याले माझ्या संसाराची माझ्याहून जास्त काळजी) समीक्षाच्या हातापाया पडला, तो नंबर काढला अन् स्पीकरवर लावला. एक रिंग, कट. "लाजून राह्यली," फकिरा म्हणे. पुन्हा लावला. कट. मग काय, ज्याच्या हाती मोबाईल तो नंबर लावून लावून त्या बाईले समजावाले बसला! तितक्यात फकिराची बायको मानीबाई वावराकडून ओरडत आली, "अवो पंजाबराव, तुमची मोटर आपल्या मनानंच चालू होते, बंद होते, चालू होते! हरभऱ्याचं तळं झालं!"

तवा डोक्यात उजेड पडला. दिवाळीत विहिरीवरच्या मोटरीले नवा स्टार्टर बसवला होता! त्यात सिम असते. रिंग दिली का मोटर चालू, पुन्हा दिली का बंद. मले नंबर कायचा पाठ? मी तर फोनवरचा मोटरीचा फोटो दाबतो. विजेची लाईन येते, जाते, म्हणून दिवसभर दाबत राहतो.

आता तुमीच सांगा, जिच्यासंग दिवसभर एका वावरात राबतो, एका शिदोरीत जेवतो, तिले फोन कायले लावू? ती गेली तसं घर खाले उठते, भाऊसाहेब.

तुमचाच,
पंजाबराव

ता.क. विमलले रविवारच्या एसटीत बसवून द्या ना. ती फोन उचलत नाही, म्हणून फकिराच्या हातानं हे पत्र.

आणखी ता.क. समीक्षानं काल नकाशा नवा केला. समोरच्यानं नाही उचलला तरी लावलेला फोन धरते म्हणे. विमलची रेघ आता साऱ्या गावात जाड! फोनवर मोटरीचा फोटो होता त्या जागी विमलचा लावला. मोटर चालू कराले पायीच जाऊन राह्यलो.